उकार गिळणारा कीबोर्ड : शोध कुठवर आला

‘गुरुवार’ टाइप करावं तर पडद्यावर ‘गरार’ उमटतं. ‘पुणे’चं ‘पणे’ होतं. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत, आणि निर्धास्त व्हावं तोच पुन्हा तेच. इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर) लिहिणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल : जी वर ऱ्हस्व उकार, टी वर दीर्घ उकार, बी वर व. वरच्या ओळीतला ५ सुद्धा नेमका त्याच वेळी रुसतो. चार बटणं एकदम जातात आणि एकदम परत येतात, त्यामुळे बिघाड चार नाहीत, एकच आहे, असं धरून कामाला लागलो.

मशीन म्हणजे दुसऱ्या पिढीच्या कोअर आय-५ प्रोसेसरचा लॅपटॉप. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, आता लिनक्सवर मजेत चालतं. टाकवत नाही.

सॉफ्टवेअरचा संशय आधी फेडून घेतला. विंडोजवाल्यांनी ‘फिल्टर कीज’ बंद आहे ना ते पाहावं. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिली की ते चालू करायचं का असं विचारलं जातं, आणि नकळत ‘हो’ म्हटलं की भराभर दाबलेली बटणं गाळली जातात. माझ्याकडे तो प्रश्न नव्हता. बायोसच्या (विंडोज-लिनक्स सुरू होण्याआधीच्या पडद्यावरच्या) पासवर्डच्या चौकटीतही जी उमटेना आणि यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड मात्र एकही अक्षर चुकेना, तिथे ड्रायव्हर संशयातून सुटला. आता राहिला लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड, त्याची रिबन (मदरबोर्डला जोडणारी चपटी पट्टी) आणि मदरबोर्डवरचा सॉकेट.

इथे मॅट्रिक्स समजून घेतली की पुढचं काम निम्मं होतं. प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर चांदीच्या शाईने उभ्या-आडव्या वाटा छापलेल्या असतात; बटण दाबलं की एक उभी आणि एक आडवी वाट एकमेकींना टेकते, आणि कंट्रोलर आळीपाळीने एकेक वाट तपासून कोणतं बटण दाबलं ते ठरवतो. १६ उभ्या आणि ८ आडव्या वाटा धरल्या तर २४ तारांत १२८ छेद मिळतात, लॅपटॉपला ते पुरून उरतात. त्यामुळे एक वाट तुटली की तिच्यावरची सगळी बटणं मिळून जातात. उलट पाणी सांडून दोन वाटा एकमेकींना चिकटल्या, तर न दाबलेली अक्षरंही उमटू लागतात. माझ्याकडे अक्षरं गळत होती, जास्तीची येत नव्हती. म्हणजे शॉर्ट नाही, वाट तुटतेय.

पण वाट तुटते कुठे? तीवरची सगळीच बटणं जात असतील, तर तुटण्याची जागा पहिल्या बटणाच्याही आधी, म्हणजे रिबनच्या शेपटीत किंवा सॉकेटमध्ये. काहीच जात असतील, तर पापुद्र्याच्या आत. कीबोर्ड काढून रिबनच्या पिनांना मल्टिमीटर लावला तेव्हा त्या पिनवर चारऐवजी पाच बटणं निघाली, पाचवं एफ५. ते मुद्दाम दाबून कोण बघतं! पुन्हा जोडून पाहिलं, तर बाकीची गेली की एफ५ ही जातं. मीटर लावताना बीपच्या भरवशावर राहू नका. छापील वाटेचा रोध तांब्याच्या तारेहून बराच जास्त असतो, त्यामुळे चांगल्या वाटेवरही बीप गप्प बसू शकतो. ओहमच्या पट्टीवर आकडा बघावा.

अधूनमधून येणारा दोष आपण बघायला बसलो की हमखास गायब होतो. त्यावर सापडलेली युक्ती सगळ्यांनी करून पाहावी अशी आहे. लिनक्सवर ‘इव्हटेस्ट’ (दाबलेलं बटण आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) चालू करून यादीतून ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’ निवडायचा. बटण दाबलं की १, दाबून ठेवलं की २ ची रांग, सोडलं की ०. एका हाताने जी घट्ट दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने पाम रेस्टचा (तळहात टेकतो त्या भागाचा) डावा कोपरा किंचित उचलला. बोट हललंही नाही आणि पडद्यावर ० आला! कोपरा टेकवला की पुन्हा १. मांडीवर घेतल्यावरच उकार का जातात, याचं उत्तर मिळालं.

मग बॅटरी काढून, खालचे स्क्रू सोडून कीबोर्ड वर उचलला. रिबन जोडलेलीच ठेवली, कीबोर्डखाली पुठ्ठा सरकवला (त्याची पाठ पत्र्याची असते, मदरबोर्डला टेकली तर नवा उद्योग), आणि पुन्हा मशीन चालू केलं. कीबोर्डला हवं तसं वाकवलं, काही नाही. शेपटी सॉकेटपाशी जराशी हलवली, लगेच ०. लूज कॉन्टॅक्ट तिथेच.

अशा वेळी ‘खोडरबराने घासा’ हा सल्ला हटकून मिळतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांपुरता तो ठीक. पण मेम्ब्रेनच्या (म्हणजे त्या छापील पापुद्र्यांच्या) शेपटीवरच्या काळ्या पट्ट्या म्हणजे चांदीवर छापलेली कार्बनची शाई. ती रबराने घासली की निघून येते आणि मग दुरुस्तीला काही उरतच नाही. मी लिंट न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घेऊन नुसतं टिपलं. सॉकेटची खटकी नखाने सरळ वर उचलली. तिरकी ओढली तर तुटते आणि सुटी सहसा मिळत नाही. पकड सैल वाटत होती म्हणून शेपटीच्या मागच्या बाजूला, पट्ट्या नसलेल्या अंगाला, कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या पातळ चिकटपट्टीचा) एक थर दिला. तेवढ्या जाडीने सॉकेटच्या पिना शेपटीला घट्ट बसल्या.

आता कोपरा उचला, मांडीवर घ्या, ० येत नाही. उकार परतले.

व मात्र अजून अधूनमधून दोनदा दाबावा लागतो. बाकीची चार बटणं ठणठणीत असताना एकटा बी अडतो, म्हणजे हा दुसराच, बटणापुरता दोष. टोपी काढून रबरी घुमट तपासला, तो शाबूत आहे. खाली पापुद्र्यावर काळसर डाग दिसतो. कोकणातले पावसाळे काढलेलं मशीन आहे, चांदीची शाई आतून काळी पडली असणार. तिथवर पोहोचायचं तर पत्र्यावर वितळवून बसवलेले प्लॅस्टिकचे बुंधे कापावे लागतील, आणि ते कापले की कीबोर्ड पूर्वीसारखा सपाट बसत नाही. एका बटणासाठी एवढं करायची माझी तयारी नाही.

त्यापेक्षा पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटा कीबोर्ड शोधणार आहे. नुसतं मॉडेलचं नाव सांगून घेणार नाही. पाठीमागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर, शेपटीची जागा आणि एंटरचा आकार जुळला तरच पैसे देईन. तोवर जुन्या कीबोर्डची पिनांची यादी (कोणतं बटण कोणत्या पिनांवर) पुरी करतोय, निम्मी बटणं झाली आहेत. कुणाकडे याच पिढीच्या मशीनची तयार यादी असेल तर टाका, ताडून बघू.