विंचू, प्राझोसिन आणि माझा फोन

इंटर्नशिपमध्ये रायगडच्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पोस्टिंग लागलं तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये मेडस्केप, एमडीकॅल्क, सिम्स अशी डॉक्टरांची सगळी ॲप्स होती, वर ग्रुपवर आलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ वेगळ्याच. म्हटलं आपल्याला काय टेन्शन.

पहिल्याच आठवड्यात रात्री एका लहान पोराला घेऊन आले, लाल विंचू चावलेला. घामाने शर्ट भिजलेला, उलट्या चालू, हातपाय बर्फासारखे गार. मी खिडकीपाशी जाऊन कशीबशी रेंज पकडली आणि सर्च केलं तर पहिलं पान निघालं अमेरिकेतलं, ॲरिझोनाचा विंचू आणि त्यावरचं ॲनास्कॉर्प नावाचं ॲन्टिव्हेनम (विषावरचा उतारा), ज्याला तिकडे २०११ ला मान्यता मिळाली. छानच की, पण इथे कुठून आणू! त्यात तो विंचूही वेगळा, त्याच्या विषाने पोरांचे डोळे गरगर फिरतात, हातपाय झटके देतात. आपला लाल विंचू सरळ हार्टवर जातो, आधी बीपी वर आणि मग फुफ्फुसात पाणी. आपल्या विंचवाचं ॲन्टिव्हेनम भारतात बनतं, पण त्या रात्री आमच्याकडे नव्हतं.

मी स्क्रोल करतोय तोवर सिस्टर बीपी उतरवणारी गोळी घेऊन हजर. "डॉक्टर, प्राझोसिनच ना? वजन बावीस भरलंय."

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव आम्ही कॉलेजात ऐकलं होतं, त्यांनी विंचूदंशात प्राझोसिन वापरून १९८६ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलं, २०२२ ला पद्मश्रीही मिळाली. सगळं पाठ होतं, पण ऐनवेळी हात फोनकडेच गेला, हे कबूल करायला लाज वाटते. एवढं मात्र खरं की फोन अगदीच फुकट गेला नाही. किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६६० मायक्रोग्रॅम (०.६६ मिलिग्रॅम), गोळी १ मिलिग्रॅमची, आणि घाबरलेल्या डोक्याने पॉइंट एका घराने सरकला की डोस दहापट, म्हणून कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. गोळी साधीच आहे, एक्सएल नाही, हे सिस्टरनी आधीच बघितलेलं (एक्सएल हळूहळू सुटते, इथे उपयोगाची नाही).

मग आई पोराला कडेवर घ्यायला गेली तर सिस्टर असल्या ओरडल्या! आडवंच ठेवायचं, उभं केलं की बीपी धाडकन पडतं. पहाटे दुसरा डोस दिल्यानंतर पाय कोमट लागायला लागले.

आता ज्युनियर विचारतात कुठलं ॲप घेऊ. घ्या कुठलंही, पण डेटा आधी डाउनलोड करून ठेवा, आणि ते मूळ कुठल्या देशाचं आहे ते बघा, कारण अमेरिकन ॲपमध्ये पॅरासिटामॉल म्हणजे ॲसिटामिनोफेन, सॅल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, रात्री दोन वाजता हे आठवत नाही. औषधांच्या ब्रँडसाठी सिम्स, आजाराचे स्कोर काढायला एमडीकॅल्क, औषधांचं एकमेकांशी पटतं का ते बघायला मेडस्केप, माझं तरी यात भागतं.

आणि फोन बघताना नातेवाइकांना सांगा की डोस तपासतोय. मी सांगितलं नव्हतं, तर सकाळी पोराचे आजोबा सिस्टरना म्हणाले, "पोरगं तडफडतंय नि ह्यो आपला मोबाईल खेळतोय."