जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी आणि नुसता गॅस भरायची सवय

माझ्या दोन सीटर गाडीचा एसी शेवटी मनासारखा थंड करायला लागला, तर काय काय केलं ते लिहून ठेवतोय, कारण ज्याच्याकडे ८०-९० च्या काळातली स्पोर्ट्स कार आहे त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच आणि सल्ले दोनच मिळतात. एक, गॅस भरून घ्या. दोन, काढूनच टाका, वजन कमी होईल. मला दोन्ही पटत नाहीत. या गाड्यांची केबिन छोटी, पुढची काच एकदम तिरकी आणि मोठी, पायाशी गिअरबॉक्सचा टनेल तापलेला, त्यामुळे एसी नसेल तर कडक उन्हात गाडी बाहेरच निघत नाही, आणि चालवायचीच नसेल तर ठेवायची कशाला?

मुळात एसीचा गॅस संपत नाही. पेट्रोल जळतं, हा जळत नाही, बंद पाइपांमधून फिरत राहतो. कमी झालाय म्हणजे कुठूनतरी गेलाय. आता जुन्या गाडीत गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून (फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं सील) आणि रबरी होजमधून थोडाफार झिरपतोच, बऱ्याच वर्षांनी कूलिंग जरा कमी झालं तर समजू शकतो, पण भरल्यावर एका सीझनमध्येच थंडावा गायब होत असेल तर सरळ सरळ लीक आहे. आणि लीकमधून नुसता गॅस जात नाही, ऑइलही जातं. बहुतेक कॉम्प्रेसरना गॅससोबत फिरून येणारं ऑइलच मिळतं, म्हणजे दरवर्षी फक्त गॅस टाकत राहिलात तर कॉम्प्रेसर हळूहळू कोरडा पडतो, एक दिवस जाम होतो आणि त्याचा बारीक धातूचा चुरा पार कंडेन्सरपर्यंत, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीपर्यंत, जाऊन बसतो. मग कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारा डबा), एक्सपान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या आधी गॅसचा दाब उतरवणारा) सगळंच बदलायला लागतं.

म्हणून पहिलं काम लीक शोधणं. टॉर्च घ्या आणि प्रत्येक जॉइंट बघत जा. जिथे ऑइल बाहेर येतं तिथे धूळ चिकटते आणि काळपट चिकट डाग तयार होतो, बाकी पाइप कोरडा आणि तेवढाच भाग ओलसर. माझ्या गाडीत असा डाग कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या जाड होजला जिथे ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवलेली असते बरोब्बर त्या कडेला होता, बोट फिरवलं तर बोटाला काळं तेल, आणि होज थोडा वाकवला की रबराला केसासारख्या भेगा दिसत होत्या. यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाकला की हेच पिवळंहिरवं चमकतं. सिस्टिम रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं. टायरवाल्याकडची हवा अजिबात भरू नका, त्यात बाष्प असतं.

आता गॅस कुठला ते. ९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर झिजवतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात आला, विकसित देशांत १९९६ पासून त्याचं उत्पादन थांबलं आणि बाकीच्या देशांत २०१० पर्यंत. तुमच्या गाडीत अजून मूळचा आर-१२ असेल तर हवेत सोडू नका, मशीनने काढून घ्या. एक किलो आर-१२ हवामानाला दहा हजार किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडएवढा भारी पडतो, आपल्या हौसेपायी तेवढं नुकसान कशाला करायचं.

आर-१२ च्या जागी आलेला आर-१३४ए टाकायचा असेल तर नुसते गॅस भरायचे नोझल बदलून भागत नाही. आर-१२ सोबत मिनरल ऑइल असायचं, ते आर-१३४ए मध्ये नीट मिसळत नाही, म्हणजे फिरून कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. जुनं ऑइल काढून लाइन फ्लश करायच्या आणि कॉम्प्रेसरला चालेल ते एस्टर किंवा पॅग (दोन्ही सिंथेटिक) ऑइल टाकायचं. सगळे ओ-रिंग नवीन, तेच हिरवे एचएनबीआर रबराचे, बसवताना तेलाचा हात लावून. ड्रायर नवीनच, कारण आतले दाणे ओलावा शोषून शोषून भरलेले असतात आणि जुन्या ड्रायरमधले दाणे नवीन गॅसला चालतीलच असं नाही. आणि होज! आर-१३४ए चा रेणू आर-१२ पेक्षा छोटा, जुन्या साध्या रबरातून तो निसटत राहतो, म्हणून आतून नायलॉनचा थर असलेले बॅरियर होज लागतात. चांगली गोष्ट अशी की जुन्या होजची धातूची टोकं शाबूत असतील तर त्यावरच नवीन होज क्रिम्प करून (दाबून बसवून) मिळतो, त्यामुळे दुर्मीळ पार्ट शोधत बसावं लागत नाही. माझे असेच करून घेतले आणि बसवल्यावर होजच्या वाटा अगदी मूळच्यासारख्या आल्या.

कंडेन्सरवर मात्र काटकसर करू नका असं माझं ठाम मत आहे. आर-१३४ए मध्ये हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या बाजूचं, प्रेशर जास्त चढतं आणि जुना ट्यूब-फिनवाला कंडेन्सर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. हायवेला थंड, सिग्नलला गरम, ही तक्रार बहुतेक इथूनच येते. तेवढ्याच जागेत बसणारा पॅरलल फ्लो (गॅस एकाच वेळी अनेक बारीक नळ्यांतून जाणारा) कंडेन्सर आणि त्याच्यापुढे दमदार इलेक्ट्रिक फॅन हवा. स्पोर्ट्स कारचं नाक खाली असल्यामुळे हवेला तसाही कमी रस्ता मिळतो. जुन्या एअर-कूल्ड पोर्श ९११ मध्ये तर कॉम्प्रेसर मागे इंजिनजवळ, कंडेन्सर एक मागच्या झाकणात आणि एक पुढे, कूलिंग कॉइल पुढे, म्हणजे होज गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जेवढा लांब होज तेवढी झिरपायला जागा जास्त, तिथे बॅरियर होजचा फरक सगळ्यात जास्त पडतो.

जोडणी झाली की व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं. २५ अंशाला पाणी साधारण २४ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला उकळतं, म्हणून खोल व्हॅक्यूममध्ये पाइपातला ओलावा वाफ होऊन पंपातून निघून जातो, त्याला निवांत वेळ द्या, निदान पाऊण तास. पण व्हॅक्यूम टिकला म्हणजे लीक नाही असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये फरक फक्त एका वातावरणाचा, म्हणजे १५ पीएसआयच्या आत, आणि चालू एसीत हाय साइड २०० च्या वर जाते. म्हणून नायट्रोजनची टेस्ट वेगळी करायचीच. गॅस वजन करून भरा, आर-१२ च्या मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्के. बंद गाडीतलं प्रेशर बघून गॅस किती आहे ते कळत नाही, आत थोडासा द्रव असला तरी गेज तेच दाखवतो.

एवढं सगळं झाल्यावरही माझ्या गाडीत हवा पाहिजे तेवढी थंड नव्हती. कूलिंग कॉइलमधून परत येणारा पाइप हाताला बर्फासारखा लागत होता, गेज बरोबर, आणि व्हेंटमधून मात्र कोमट. त्यात मधूनच काळ्या स्पंजचे भुसभुशीत कण उडून सीटवर येत होते, त्यावरूनच कळलं. डॅशच्या आत गरम-थंड हवा मिसळणारा जो फ्लॅप असतो त्याच्यावरचा फोम इतक्या वर्षांत कुजून गळून पडला होता आणि पत्र्याच्या भोकांमधून हीटरची गरम हवा थेट आत मिसळत होती. डॅश उतरवणं हे खरं कंटाळवाणं काम, क्लिपा जुन्या, प्लास्टिक ठिसूळ, पण फ्लॅपला नवीन फोम लावला, हीटरचा वॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता तोही बदलला आणि मग व्हेंटला थर्मामीटर ७ अंश दाखवायला लागला. किती जणांनी याच कारणापायी चांगले कॉम्प्रेसर बदलले असतील कोण जाणे, म्हणून सांगतो, कोमट हवा येत असेल तर खर्चात पडायच्या आधी हीटरला जाणारे दोन्ही पाणी-पाइप क्लॅम्पने हळूच दाबून बघा. हवा लगेच थंड झाली तर दोष एसीत नाहीच.

आता कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या क्लचची गॅप तेवढी बघायची राहिलीये, इंजिन खूप तापलं की क्लच कधीकधी उशिरा पकडतो. साधारण अर्धा मिलिमीटर गॅप हवी, झिजून वाढली असेल तर एक शिम (पातळ चकती) काढून जमतं. आणि थंडीतही मधूनमधून दहा मिनिटं एसी चालवतोच, ऑइल फिरत राहिलं की शाफ्ट सील सुकत नाही.