ग्रीकचा बूथ

दुभाष्यानं बैठकीतलं बाहेर बोलायचं नसतं. त्यामुळे कंपनी कोणती, ती काय बनवते, माणसं कोण, हे विचारू नका. एका शब्दापुरतं मात्र बोलते, कारण इतकी वर्षं झाली तरी तो डोक्यातून जात नाही.

२०१३चा शरद. फ्रँकफुर्ट विमानतळाजवळच्या हॉटेलात कंपनीच्या युरोपीय कामगार परिषदेची बैठक. युरोपीय संघात कंपनीचे किमान हजार कामगार असले आणि त्यातल्या दोन देशांत दीडदीडशे तरी असले, की कामगारांना अशी परिषद मागता येते. व्यवस्थापनानं तिला माहिती द्यायची आणि तिचं म्हणणं ऐकून घ्यायचं. ऐकायचंच, मानायची सक्ती नाही. दुभाष्यांचा खर्च कंपनीकडे. त्या वर्षी त्यालाही कात्री लागली होती. दुभाषे ज्या बंद काचेच्या खोलीत बसून माईकवर बोलतात, तो बूथ. जर्मन-इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच असे तीन बूथ ठेवले आणि ग्रीकचा काढला. एका माणसासाठी दोन दुभाषे कशाला, हा हिशेब. त्या माणसाला इंग्रजी येतं, हे कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आमच्या जर्मन-इंग्रजी बूथमध्ये मी आणि एक जर्मन सहकारी. अर्धा तास ती, अर्धा तास मी. ऐकता ऐकताच बोलायचं, त्यामुळे त्यापुढे डोकं चालत नाही. माईक नसेल तेव्हा आराम करायचा नसतो, जोडीदारासाठी आकडे टिपून द्यायचे असतात. वाक्य निसटलं तर अर्थावरून सावरता येतं, आकडा निसटला की गेलाच. त्यात इंग्रजीत वीस आधी आणि दोन नंतर, तर जर्मनमध्ये 'त्स्वाय-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे आधी दोन, मग वीस. भले भले इथे घसरतात. मी घसरत नाही. लहानपणापासून बावीस-तेवीस घोकलेल्या पोरीला हे पुण्यात मॅक्सम्युलर भवनच्या पहिल्या आठवड्यातच फुकट मिळालं होतं, आणि त्यावर मी आजवर बरीच मिरवली आहे.

सकाळची पूर्वबैठक फक्त कामगार प्रतिनिधींची. अकरा वाजता साहेब लोक यायचे, त्याआधी सगळ्या देशांचं एक निवेदन तयार व्हायला हवं होतं. व्यवस्थापनाचे कागद आदल्या रात्री आले. ते कायम आदल्या रात्रीच येतात, आम्ही कितीही गळा काढला तरी. त्यात एक तक्ता होता: कोणत्या देशातला कारखाना बंद केला तर किती खर्च.

स्पेनच्या बाई तो तक्ता हातात घेऊनच उठल्या. २०१२च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे कायदा बदलला होता. अन्यायानं काढलेल्या कामगाराची भरपाई नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ४५ दिवसांच्या पगारावरून ३३ दिवसांवर आली होती. "आम्हाला काढणं स्वस्त करून ठेवलंय," त्या म्हणाल्या, "आणि कंपनीनं ते बरोबर वाचलंय." जर्मन मंडळींची बाजू वेगळी. त्यांच्याकडे कुर्त्सआर्बाइट आहे, आपल्याकडच्या ले-ऑफचा, म्हणजे तात्पुरत्या कामबंदीचा, श्रीमंत चुलतभाऊ. मंदीत कामाचे तास कमी होतात, बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून मिळतात आणि माणूस नोकरीवरच राहतो. २००९मध्ये दहा लाखांहून जास्त कामगार असे तगले.

मग ग्रीक प्रतिनिधी बोलायला लागला. साठीकडे झुकलेला फिटर. एकेक इंग्रजी शब्द तो खिशातून सुटे पैसे काढावेत तसा काढत होता. त्यांचं किमान वेतन एका फटक्यात ७५१ युरोवरून ५८६वर आणलं होतं, पंचविशीच्या आतल्यांचं तर ३२ टक्क्यांनी कापलं होतं. "म्हणाले, स्वस्त व्हा, काम येईल. झालो स्वस्त. बेकारी २७ टक्के." आणि दर दोन वाक्यांनी, 'ऑस्टेरिटी', म्हणजे कर्जात बुडालेल्या सरकारनं खर्चावर आणि पगारांवर फिरवलेली कात्री.

मी म्हटलं, 'श्पारपोलिटिक'. कोश तेच सांगतो, जर्मन वर्तमानपत्रं तेच छापत होती. पण त्या शब्दाच्या पोटात 'श्पारेन' आहे, बचत करणं. जर्मन कानाला तो गुणच वाटतो. तेव्हाच्या चान्सलर मेर्केलबाईंनी २००८मध्ये पक्षाच्या श्टुटगार्टच्या अधिवेशनात श्वाबियन गृहिणीचा, म्हणजे काटकसरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनच्या बाईचा, दाखला दिला होता: मिळकतीपेक्षा जास्त खर्च करून कायमचं निभत नाही. ती बाई आपल्या ओळखीचीच आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी माझी सदाशिव पेठेतली आजी.

जर्मन प्रतिनिधींमधले ज्येष्ठ गृहस्थ उत्तर द्यायला उठले. माणूस सज्जन, मनात काही वाईट नाही. तेवढ्यात आमची पाळी बदलली, माईक सहकारीकडे गेला. ते म्हणाले, "आम्हीही वर्षानुवर्षं बचत केली. बेकारी भत्ता आकसणाऱ्या हार्ट्स सुधारणा सोसल्या, पगारवाढ सोडली. तुमच्याकडे किमान वेतनाचा कायदा तरी आहे, आमच्याकडे अजून नाही." यातलं शेवटचं खरंच होतं, जर्मनीत तो २०१५मध्ये आला. सहकारीनं अचूक इंग्रजी केलं: आम्हीही बचत केली.

ग्रीक माणसानं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "बचत? मी काय वाचवलं? वाचवायला उरावं लागतं."

पुढची वीस मिनिटं कोण जास्त सोसतंय याचा लिलाव झाला. निवेदन झालंच नाही. अकराच्या ठोक्याला साहेब लोक आत आले, ताजेतवाने.

दुभाष्याला स्वतःची चूक माईकवर सुधारता येते, तशी रीतच आहे. पण चूक कुणाची? तिचं वाक्य बरोबर, माझा शब्द बरोबर. 'ऑस्टेरिटेट' हा प्राध्यापकी शब्द जर्मनमध्ये आहे, तो वापरता आला असता. त्यांना कळला नसता, आणि कदाचित म्हणूनच कुणीतरी थांबून विचारलं असतं, म्हणजे नक्की काय? हे मला त्याच दिवशी परतीच्या गाडीत सुचलं.

कॉफीच्या वेळी मी त्याच्याकडे गेले. खरं तर जाऊ नये. विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणाला असता? "लितोतिता." म्हणजे? साधेपणा, साधं जेवणखाण. त्याच्या आईचा आवडता शब्द होता म्हणे. म्हणजे ग्रीकचा बूथ असता तरी तिकडून असाच एखादा गुणी शब्द माझ्याकडे आला असता. की त्याच्या तोंडून ऐकल्यावर त्या दुभाष्यानं दुसरा काही निवडला असता?

पुढच्या वर्षी त्याच कंपनीचं बोलावणं आलं, सोबत प्रतिनिधींची यादी. त्यात ग्रीस नव्हतं. बूथ तीनच होते आणि ते पुरेसे होते.