सोलापूर ते लंडन: विमान दहा तासांचं, प्रवास अठ्ठावीस तासांचा

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० चा वेग धरला तर आठ तास पुरायला हवेत, पण तिकिटावर साडेनऊ-दहा तास दिसतात. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपाशी लागलेली रांग आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच आल्या. शिवाय त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं असतं. जाताना ते समोरून येतं, येताना पाठीशी असतं, म्हणून परतीला साधारण तासभर कमी लागतो. वाटेतल्या एखाद्या देशानं आकाश बंद केलं तर वळसा पडतो, तो वेगळा.

आपण सोलापूरकरांनी मात्र हिशोब मुंबईपासून धरू नये, घराच्या उंबऱ्यापासून धरावा. सीएसएमटीपर्यंतच्या ४५५ किलोमीटरला सिद्धेश्वर एक्सप्रेस आठेक तास घेते, वंदे भारत साडेसहा. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघून साडेबाराला पोचते. रात्रीच्या विमानाला ती उत्तम, दुपारच्या विमानाला कामाची नाही. दुपारी दीडचं विमान असेल तर मी आदल्या रात्रीची सिद्धेश्वरच सांगेन. तीही दादरपर्यंतच, सीएसएमटीला जाऊन उलटं यायचं कारण नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र एक दिवस आधी मुंबई गाठाच. बोरघाटात दरड आली की गाड्या तासन्‌तास अडकतात, आणि रेल्वे उशिरा आली म्हणून विमान थांबत नाही. तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे पैसेही परत मागता येत नाहीत.

आता घड्याळ लावून बघू. रात्री दहाला घर सोडलं. दुसऱ्या दिवशी दीडला विमान सुटलं, दहा तासांनी उतरलं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. लंडनमध्ये तेव्हा हिवाळ्यात संध्याकाळचे सहा, उन्हाळ्यात सात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. घरी फोन करण्याची वेळ ठरवताना हा साडेपाच-साडेचारचा फरक हमखास चुकतो. इमिग्रेशन आणि बॅगांना दीड तास, शहरात पोचायला तासभर. एकूण अठ्ठावीस तास झाले. म्हणून पोचल्या दिवशी कुणाला भेटायचं ठरवू नका, आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.

शेंगाचटणीला तेल सुटतं. ती दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत, कपड्यांपासून लांब. कडक भाकरी उलट हातातच न्यावी, मोठ्या बॅगेत तिचा चुरा होतो. खव्याचे पेढे आणि तूप घरीच राहू द्या. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे, सापडले की कस्टमवाले काढून घेतात.