फेमिनिझम आणि हक्कसोड

मावसभाऊ मला सारखे रील्स पाठवत असतो, कोणीतरी बाई कॅमेऱ्यासमोर सगळे पुरुष सारखेच नालायक म्हणून ओरडत असते, आणि खाली याचा मेसेज, ताई हाच का तुमचा फेमिनिझम? अशा बायका आहेत, नाही कशाला म्हणू, आणि अख्ख्या पुरुषजातीला शिव्या घालणं मला पटत पण नाही. माझ्या बापाने कर्ज काढून मला जळगावला होस्टेलला ठेवलं, त्यांना त्यात कसं धरू? पण अशा बायकांवरून सगळ्या चळवळीला जोखायचं हे चुकीचं आहे. आणि मला तर वाटतं त्यांनाच पुढे करतात कारण त्यांना खोडणं सोपं जातं.

अवघड प्रश्न वेगळेच आहेत. आपल्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके, गाणी, खापरावरची पुरणपोळी, आमरस, सगळं प्रेमाने होतं आणि सण उरकला की त्याच लेकींना गाडीत घालून रजिस्ट्री ऑफिसला नेतात. माझ्या आत्याला असंच नेलं, हक्कसोड पत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, कोणी वाचून पण दाखवलं नाही, अंगठा देताना तिने एवढंच विचारलं, माहेर तुटणार नाही ना? २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क आहे. यावर मावसभाऊ कधी बोलत नाही.

आणि जहाल तरी कोणाला म्हणायचं? १९७२ च्या सुमारास आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडच्या भिल्ल बायका श्रमिक संघटनेतून, म्हणजे तिथल्या आदिवासी मजुरांच्या संघटनेतून, उठल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभं केलं. त्यांना तेव्हा कोणी समजूतदार म्हटलं असेल असं वाटत नाही, पण त्यांचा राग मार खाणाऱ्या बाईच्या घरापर्यंत पोचला. रीलवालीचा राग पण खरा असेल, तिच्यावर काय गुजरलंय कोणास ठाऊक, पण माझ्या आत्याच्या तो काय कामाचा? म्हणून माझ्यासाठी शहाद्याच्या बायका जास्त फेमिनिस्ट.

आता चुलतबहिणीला सहीसाठी बोलावलंय. मी फोन करून सांगितलं, द्यायचं की नाही तू ठरव पण कागद आधी मागवून घे, दोघी बसून वाचू. म्हणाली, दादा चिडेल गं. म्हटलं चिडू दे, काकांनंतर वारस म्हणून सातबाऱ्यावर तुझं पण नाव लागलंय.