आबांना विचारा की!

घरी पेशंट सांभाळणारी बाई म्हणजे डायपर बदलणारी मावशी, असं लोकांना वाटतं. डायपरचं मला काही वाटत नाही, हातासरशी होऊन जातं. कस लागतो तो भरवताना.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी ज्या आबांकडे दिवसपाळी करते, त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलीय. जीभ जड झालीय, शब्द तुटक येतात, गिळायला त्रास होतो. दवाखान्यातनं सोडतानाच सांगितलंय की पातळ काही द्यायचं नाही. लोक नेमके इथंच फसतात. पातळ म्हणजे गिळायला सोपं, असा त्यांचा समज. पण पातळ जिभेवर थांबत नाही. गिळायच्या आधीच घसरतं आणि श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. कित्येकदा साधा ठसकासुद्धा लागत नाही. म्हणून मी आबांना ताठ बसवते, हनुवटी खाली घ्यायला लावते, घास डाव्या बाजूनं देते. गिळल्यावर उजव्या गालात काही साठलंय का ते बघते, मग पुढचा घास. जेवणानंतर अर्धा तास आडवं करत नाही. एवढा वेळ बघून शेजारीण म्हणाली होती, "मावशींचं बरं हाय, नुसतं बसायचं."

गेल्या रविवारी कागलहून लेक-जावई आले, डब्यात पांढरा रस्सा घेऊन. ताईंनी फीडिंग कप भरला.

"ताई, रस्सा पातळ आहे, असा नका देऊ."

"उपाशी ठेवताय काय माझ्या बाबास्नी? दोन घोटानं काय हुतंय?"

जावई म्हणाले, ब्युरोच्या बायका लई शाण्या असतात. मुलगा, बायको, शेजारीण, सगळे बोलायला लागले. द्यायचा, नाही द्यायचा, थोडा द्यायचा. आबा समोर बसलेले, कुणी त्यांच्याकडे बघेना. मी म्हणाले, "आबांना विचारा की!" तर मुलगा म्हणाला, "त्यांस्नी काय कळतंय आता?"

या वाक्याचा मला फार राग येतो. आबांना शेजाऱ्याची गाडी आवाजावरनं कळते. बोलणं अडलं म्हणजे डोकं गेलं, हे कुणी ठरवलं?

मी समोर बसून विचारलं, "आबा, रस्सा पातळ हाय, छातीत उतरू शकतोय. मऊ भात वाटून दाट करून देऊ?"

बराच वेळ लागला. मग म्हणाले, "नगं. तसाच."

खासबागेत कुस्त्या बघून घरी येऊन वाटीनं रस्सा प्यालेला माणूस. अर्धा चमचा दिला. गिळल्यावर "आ" म्हणायला लावलं, आवाज कोरडा, स्वच्छ आला. दुसराही नीट गेला. तिसऱ्याला आवाज ओला झाला, घशात घरघर. मी वाटी बाजूला ठेवली, खोकायला लावलं. घरघर गेली आणि आबांनी डावा हात वाटीकडे केला. "आजून."

मी दिला नाही. डॉक्टरांना फोन लावला, रविवारी उचलला नाही. उरलेल्या रश्श्यात भात वाटून पिठल्याइतका दाट केला. अर्धी वाटी खाल्ली त्यांनी, माझ्याकडे न बघता.

जाताना ताई म्हणाल्या, "मावशी, लई पुण्याचं काम करताय." पुण्य म्हटलं की पगारवाढीचं बोलायची सोय राहत नाही आणि शिकून आलेल्या कामाला किंमतही राहत नाही. मी जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे पेशंट सांभाळायचा, कोर्स केलाय, हे त्या घरात अजून कुणी विचारलेलं नाही.

वहीत सगळं लिहिलं: पातळ तीन चमचे, तिसऱ्याला घरघर, आणि आबांनी "आजून" मागितला तेही. रात्रपाळीच्या बाईला ताप आणि श्वास बघायला सांगितलं. ताप आला नाही. पण तो चौथा चमचा माझ्या डोक्यातनं जात नाही. धोका सांगून झाला होता, त्यांनी ऐकला होता. मग नाही म्हणायचा अधिकार माझा होता का?

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. मुलगा म्हणतोय, रिपोर्ट घेऊन मी एकटाच जातो, आबांना जिन्यावरनं उतरवायचं कशाला? मी म्हटलंय, खुर्चीत बसवून आपण दोघं उतरवू, रश्श्याचं डॉक्टरांना आबाच विचारतील. तो अजून हो म्हणालेला नाही.