जांभळाची वाईन: बाराव्या दिवशी बरणी गप्प

दिवस 12. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) सलग तिसऱ्या दिवशी 1.030 वर. एअरलॉकमध्ये (आतला गॅस सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) बुडबुडा नाही, आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा भपकारा. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "अहो, तुमचा गॅस तर गळत नाही ना?"

माल असा: पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीची 5 किलो जांभळं, 1.8 किलो साखर, पाण्यासह 10 लिटर. सुरुवात 1.085. जांभळं हातानेच कुस्करली. गेल्या वर्षी बियांसकट मिक्सरमधून काढली, तर घोटागणिक जीभ आखडायची.

आधी यीस्टला शिव्या घातल्या. मग थर्मामीटर रसात बुडवला. 36 अंश! पाऊस लांबलेला जून, दहिसरचं घर, पश्चिमेची खिडकी, त्यामुळे खोलीतच 33. आंबताना रस स्वतःही तापतो, हे मी धरलंच नव्हतं. यीस्टच्या पाकिटावर कमाल 30 छापलंय. त्यात हायड्रोमीटर 20 अंशांवर बेतलेला. एवढ्या गरम रसात तो चारेक पॉइंट (म्हणजे 0.004) कमी दाखवतो. म्हणजे साखर दिसत होती त्याहून जास्तच उरली होती.

वासाचं कारण वेगळं. नायट्रोजन कमी पडला की यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं, आणि माझ्या बरणीत जांभळापेक्षा साखरपाणीच जास्त. गोराईच्या मैत्रिणीने मनुका टाकायला सांगितलं. मनुकांनी वाईन तोंडात भरीव लागते, पण यीस्टचं पोट भरत नाही, असं माझं मत. मी दोन चमचे बेकरीचं यीस्ट पाण्यात उकळून, गार करून ओतलं. वास उडावा म्हणून रस एकदाच उंचावरून दुसऱ्या बादलीत धबधब्यासारखा सोडला. हे पुन्हा करणार नाही. पुढच्या टप्प्यावर हवा लागली की वाईन बिघडते.

मग बरणी कपडे भिजवायच्या टबात, भोवती पाणी, वर ओला पंचा, सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या. दोन दिवसांत 28.

नवं यीस्ट थेट टाकलं नाही, अल्कोहोलमध्ये एकदम पडलं की मरतं. कपभर साखरपाण्यात फेसाळू दिलं, त्यात तेवढाच रस, पुन्हा फेस आल्यावर दुप्पट, आणि मग सगळं बरणीत.

दिवस 16: बुडबुडे सुरू.

दिवस 24: 1.004. वास जवळजवळ गेला, रंग अजून गढूळ.

दिवस 31: 0.998, गाळावरून काढून दुसऱ्या बरणीत. टब मात्र अडकलेलाच आहे, आणि त्यावरून घरात रोज बोलणी खातोय.